एंजिनाची बैठक

सिग्नलपाशीं थांबलेल्या एखाद्या चांगल्या मोटारींत बसलेल्या माणसास तिचें एंजिन चालू आहे कीं बंद पडलें आहे हें पुष्कळदां समजतही नाहीं. बाहेरचा आरसा स्थिर असतो, कांच थरथरत नाहीं, आणि मांडीवर उघडून ठेवलेलें वर्तमानपत्र सुखानें वाचतां येतें. वास्तविक त्याच क्षणीं पुढच्या झाकणाखालीं दर सेकंदास वीस-पंचवीस लहान स्फोट होत असतात, आणि शे-दीडशे किलो वजनाचें एक लोखंडी धूड प्रत्येक स्फोटागणिक एका अंगावर कलंडूं पाहत असतें. हें सारें वादळ आंत बसणाऱ्यापर्यंत कां पोंचत नाहीं? तें वाटेंत अडविण्याचें काम एंजिनाखालचे तीन-चार रबरी ठोकळे करतात. मुठीएवढ्या ह्या वस्तूकडे गाडीचा मालक वर्षानुवर्षें ढुंकूनही पाहत नाहीं.

ह्या ठोकळ्यांना गॅरेजांतील मिस्त्री 'माउंटिंग' अथवा 'फाउंडेशन' म्हणतात. मराठींत त्यांना एंजिनाची बैठक म्हटल्यास अर्थ नेमका उतरतो. गाडींतील मूळचें एंजिन काढून अधिक जोरदार एंजिन घालणाऱ्या, अथवा आहे त्याच एंजिनाची ताकद वाढवूं पाहणाऱ्या हौशी माणसापुढें ह्या बैठकीचा प्रश्न हटकून उभा राहतो. ती घट्ट केली तर गाडी हुकुमासरशी पळते, पण आंत बसणाऱ्याचे दांत वाजतात. सैल ठेवली तर प्रवास सुखाचा होतो, पण एंजिनाची शक्ति चाकापर्यंत पोंचतांना अडखळते. हा वाद आजचा नाहीं. मोटारीच्या इतिहासांत तो शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे, आणि निरनिराळ्या काळीं निरनिराळ्या लोकांनीं त्याचा निरनिराळा निकाल लावला आहे.

प्रथम हा कंप येतो कोठून तें पाहिलें पाहिजे. एंजिनांतील दट्ट्या सिलिंडरांत वर-खालीं धांवतो. वर जाऊन तो क्षणभर थांबतो, खालीं येऊन पुन्हां थांबतो. धांवत्या वस्तूस असें थांबवून उलट फिरवावयाचें म्हणजे तिचा धक्का कोणास तरी सोसावाच लागतो. चार सिलिंडरांच्या नेहमींच्या एंजिनांत दोन दट्टे वर जातात तेव्हां दोन खालीं येतात, आणि वरवर पाहतां हिशेब फिटतो. परंतु पुरता फिटत नाहीं. दट्ट्यास फिरत्या दांड्याशीं जोडणारी कांब चालतांना तिरपी होते, आणि त्यामुळें दट्ट्याची वरच्या अर्ध्या वाटेवरील गति खालच्या अर्ध्या वाटेवरील गतीहून कांहींशी अधिक असते. ह्या लहानशा फरकामुळें थोडें बळ शिल्लक राहतें, आणि तें दर फेऱ्यास दोनदां सबंध एंजिन वर-खालीं हलवितें. सहा सिलिंडर एका ओळींत असले म्हणजे ही शिल्लक आपोआप नाहींशी होते. सहा सिलिंडरांची गाडी जुन्या काळापासून नितळ चालीची म्हणून नांवाजलेली आहे ती ह्याच कारणानें.

दुसरा हादरा स्फोटांचा. होडींतून कांठावर उडी मारली म्हणजे होडी मागें सरते. त्याचप्रमाणें एंजिन आपल्या दांड्यास ज्या दिशेनें पीळ देतें तिच्या उलट दिशेनें तें स्वतः कलंडूं पाहतें. चार सिलिंडरांच्या एंजिनांत असे दोन हिसके दर फेऱ्यास बसतात. गाडी उभी असतांना एंजिन मिनिटास ७५० फेरे घेत असेल तर सेकंदास २५ हिसके झाले.

येथें तंबोऱ्याची आठवण करावी. तंबोऱ्याची तार नुसती हवेंत ताणून छेडली तर तिचा आवाज हातभर अंतरावरही नीट ऐकूं येत नाहीं. ती घोडीवर टेकते, घोडी तबलीवर टेकते, तबली भोपळ्याशीं जोडलेली असते, आणि मग सारी खोली त्या नादानें भरून जाते. मोटारीचा पत्र्याचा देह हा असाच एक भोपळा आहे. एंजिन ही त्याची तार आणि बैठक ही घोडी. गवयास आपल्या घोडीनें तारेचा कंप पुढें पोंचवावयास हवा असतो, आणि मोटारींतील उतारूस तो तेथेंच थांबावयास हवा असतो, एवढाच काय तो फरक.

पहिल्या पिढीच्या कारागिरांना ह्या भोपळ्याची फारशी चिंता नव्हती. त्यांना धास्ती होती ती एंजिन फुटण्याची. रस्ते खडबडीत असत, गाडीचा सांगाडा लवचिक असे. एक चाक खड्ड्यांत गेलें कीं सांगाडा पिळला जाई, आणि त्यावर चार कोपऱ्यांत आवळून बसविलेल्या एंजिनाच्या ओतीव पेटीस तडा जाण्याचें भय असे. हेन्री फोर्ड ह्यांनीं १९०८ सालीं बाहेर आणलेल्या 'मॉडेल टी' गाडींत एंजिन तीन ठिकाणीं टेकविलें होतें. पुढें मध्यभागीं एक टेकू आणि मागें दोन बाजूंस दोन. जमीन उंचसखल असली तरी तिपाई डगमगत नाहीं, तेंच हें तत्त्व. १९२७ पर्यंत अशा सुमारें दीड कोट गाड्या तयार झाल्या. त्यांचीं एंजिनें सांगाड्याच्या पिळापासून वाचलीं; आंतील माणसें मात्र एंजिनाच्या हादऱ्यांपासून वाचलीं नाहींत. मोटारींत बसणें म्हणजे थोडेंबहुत हादरणें, अशी त्या काळीं लोकांची समजूतच होती.

इंग्लंडमध्यें फ्रेडरिक लँचेस्टर ह्या विलक्षण बुद्धीच्या अभियंत्यानें पहिल्या महायुद्धापूर्वींच ह्या दुखण्याच्या मुळावर घाव घातला होता. चार सिलिंडरांच्या एंजिनांत जो हिशेब फिटत नाहीं तो फेडण्यासाठीं त्यानें दोन जड दांडे योजिले. ते एकमेकांच्या उलट दिशेनें व एंजिनाच्या दुप्पट वेगानें फिरत, आणि दट्ट्यांचा धक्का वर असेल तेव्हां ह्यांचा धक्का खालीं येई. युक्ति अचूक होती, परंतु ती खर्चाची होती आणि स्वस्त गाडीस परवडण्याजोगी नव्हती. पुढें १९७५ सालीं जपानच्या मित्सुबिशी कंपनीनें तिचा नव्यानें स्वीकार केला, आणि जर्मनीच्या पोर्शे कंपनीनें तिजकडून परवाना घेऊन ती आपल्या ९४४ ह्या गाडींत वापरली. पण तो इतिहास फार पुढचा. मधल्या काळांत सामान्य माणसाच्या गाडीस सुख मिळालें तें एंजिनाच्या अंतरंगांत बदल करून नव्हे, तर त्याची बैठक बदलून.

ही हकीकत अमेरिकेंत घडली. १९२९ च्या हंगामासाठीं शेव्हरोलेनें चार सिलिंडरांच्या किंमतींत सहा सिलिंडरांची गाडी बाजारांत आणली. पाठोपाठ मंदीची लाट आली. लोकांजवळ पैसा उरला नाहीं. तरीही जो गाडी घेई त्यास ती नितळ चालीचीच हवी असे. वॉल्टर क्रायस्लर हे रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवारी करून वर आलेले गृहस्थ. त्यांच्या कंपनीची स्वस्त गाडी प्लिमथ ही चार सिलिंडरांची होती. नवें एंजिन घडविण्यास लागणारा पैसा व वेळ दोन्ही नव्हतीं. गाडी मागें पडली तर तिच्यावर पोट असलेल्या कामगारांचें काय, हा प्रश्न त्या दिवसांत पुस्तकी नव्हता; बेकारांच्या रांगा रस्त्यांत दिसत होत्या.

एंजिनाखालीं रबर घालण्याचा प्रयोग त्यापूर्वींही झाला होता. १९२० च्या दशकांत कांहीं अमेरिकन गाड्यांनीं टेकूंच्या खालीं रबराच्या चकत्या घालून पाहिल्या होत्या, आणि त्याचा थोडाफार उपयोगही झाला होता. झेडर, स्केल्टन आणि ब्रीअर ही क्रायस्लरच्या अभियंत्यांची त्रयी प्रसिद्धच आहे. त्यांच्या मंडळींनीं एक पाऊल पुढें टाकून निराळाच प्रश्न विचारला. एंजिन कशावर बसवावें, एवढ्यावर न थांबता तें नेमकें कोठें टेकवावें, असा तो प्रश्न होता. प्रत्येक जड वस्तूस डोलण्याचा स्वतःचा एक स्वाभाविक आंस असतो. पाळणा दोन कड्यांना टांगला म्हणजे तो त्या कड्यांतून जाणाऱ्या रेषेभोंवतीं सहज झुलतो आणि आढ्यास हिसके बसत नाहींत. तोच पाळणा भलत्या ठिकाणीं बांधला तर बाळ दचकतें आणि आढेंही करकरतें. एंजिन व गिअरची पेटी मिळून जो जड पिंड होतो त्याचा आंस पुढें वर आणि मागें खालीं असा तिरपा जातो. क्रायस्लरच्या अभियंत्यांनीं पुढचा रबरी टेकू उंचावर, पाण्याच्या पंपाजवळ दिला, आणि मागचा टेकू खालीं, गिअरच्या पेटीपाशीं दिला. दोहोंना जोडणारी रेषा गुरुत्वमध्यांतून जाई. एंजिन आतां पाळण्यासारखें आपल्याच आंसाभोंवतीं डोलूं लागलें.

परंतु नुसतें डोलूं दिलें तर जोर लावतांच तें एका अंगावर पडेल. म्हणून एका बाजूस सांगाड्यापासून निघालेली पोलादी पाट्यांची एक कमान त्यास दिली. थोडें डोलल्यास ती आड येत नसे. फार कलंडूं लागल्यास मात्र ती हात धरी. ह्या योजनेचें मर्म येथेंच आहे. भार वाहण्याचें काम एकाकडे आणि पीळ रोखण्याचें काम दुसऱ्याकडे, अशी वाटणी झाली. रबर मऊ ठेवतां आलें, कारण सर्व जबाबदारी एकट्या रबरावर राहिली नाहीं.

१९३१ च्या जुलैमध्यें ही प्लिमथ गाडी बाजारांत आली. योजनेचें नांव 'फ्लोटिंग पॉवर', म्हणजे तरंगती शक्ति. कारखान्यांतून निघालेल्या पहिल्या कांहीं गाड्यांपैकीं एक क्रायस्लर ह्यांनीं स्वतः हांकीत हेन्री फोर्ड व त्यांचे चिरंजीव एड्सेल ह्यांजकडे नेली, त्यांना तींत बसवून फिरविलें, गाडी त्यांनाच भेट दिली आणि आपण टॅक्सीनें घरीं परतले, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. प्रतिस्पर्ध्याच्या दारांत नेऊन दाखवावें इतका त्या रबराच्या ठोकळ्यांवर त्यांचा विश्वास होता. मंदीच्या त्या वर्षांत प्लिमथ विक्रींत अमेरिकेंत तिसऱ्या क्रमांकावर चढली. फ्रान्समध्यें आंद्रे सित्रोएन ह्यांनीं ह्या योजनेचे हक्क विकत घेतले, आणि १९३२ पासून त्यांच्या गाड्यांच्या कपाळावर पाण्यांत तरंगणारा हंस झळकूं लागला. त्या हंसाचें रहस्य झाकणाखालच्या रबरांत होतें.

पुढें १९३२ च्या अखेरीस प्लिमथनेंही सहा सिलिंडरांचें एंजिन घेतलें. परंतु तरंगती बैठक गेली नाहीं. ती सहा सिलिंडरांखालींही राहिली, आणि तिचें तत्त्व हळुहळू सर्वांनीं उचललें. ह्या कथेचा एक धागा मुंबईसही येऊन पोंचतो. वालचंद हिराचंद ह्यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स ह्या कंपनीनें कुर्ल्याच्या कारखान्यांत १९४७ पासून गाड्या जुळविण्यास आरंभ केला, त्या क्रायस्लर कंपनीच्याच डॉज, डिसोटो व प्लिमथ ह्या गाड्या होत्या.

गाडीचें मूळचें एंजिन काढून दुसरें बसविण्याचा नाद ह्याच सुमारास दक्षिण कॅलिफोर्नियांत वाढला. फोर्डनें १९३२ सालीं आठ सिलिंडरांचें एंजिन स्वस्त गाडींत आणलें, आणि तेथील तरुण तें जुन्या हलक्या गाड्यांत बसवून कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या सपाटीवर शर्यती करूं लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर अधिक दमदार एंजिनें निघालीं. त्यांत १९५५ चें शेव्हरोलेचें आठ सिलिंडरांचें एंजिन विशेष लोकप्रिय झालें. परंतु एका कंपनीचें एंजिन दुसऱ्या कंपनीच्या सांगाड्यांत टेकवावयाचें कशावर? जुने टेकू जुळत नसत. पुष्कळजण पोलादी पट्ट्या वितळजोडानें चिकटवून वेळ मारून नेत, आणि कांहीं महिन्यांत सांगाड्यास चीर जाई. जॉर्ज हर्स्ट ह्या गृहस्थांनीं पेनसिल्व्हेनियांत १९५० च्या दशकाच्या अखेरीस ह्याच अडचणीचा धंदा केला. पुढें त्यांचें नांव गिअर बदलण्याच्या दांड्यासाठीं गाजलें, पण आरंभ झाला तो अशा परक्या एंजिनांसाठीं तयार बैठका विकण्यापासून.

अमेरिकन तरुणांनीं जें वेगासाठीं केलें तें मुंबईकरांनीं काटकसरीसाठीं केलें. १९७३ नंतर तेलाच्या किंमती भडकल्या, तेव्हां येथील अनेक जुन्या, ऐसपैस अमेरिकन गाड्यांतून पेट्रोलचीं एंजिनें निघालीं आणि त्यांच्या जागीं डिझेलचीं एंजिनें बसलीं. डिझेलच्या एंजिनांत हवा फार दाबली जाते, प्रत्येक स्फोट अधिक करडा असतो, आणि सहा सिलिंडरांसाठीं आंखलेल्या बैठकीवर चार सिलिंडरांचा हादरा येऊन पडला म्हणजे दारांपासून दिव्यांपर्यंत सर्वच बोलूं लागतें. पंपावर वांचलेला पैसा पुढें खिळखिळ्या झालेल्या पत्र्यावर खर्च होई. एंजिन बदलतांना बैठकीचा विचार केला नाहीं म्हणजे काय होतें, ह्याचा हा घरचाच दाखला.

शर्यतीच्या गाड्यांनीं ह्या प्रश्नाचा निकाल अगदीं उलट लावला. ४ जून १९६७ रोजीं हॉलंडमधील झँडव्होर्ट येथें जिम क्लार्क ह्यानें लोटस ४९ ही नवी गाडी पहिल्याच शर्यतींत जिंकून दाखविली. कॉलिन चॅपमन ह्यांनीं आंखलेल्या त्या गाडींत कॉसवर्थच्या कीथ डकवर्थ ह्यांचें आठ सिलिंडरांचें एंजिन चालकाच्या पाठीमागें थेट सांगाड्यास बोल्टांनीं आवळलें होतें. रबराचा तुकडाही मधें नव्हता. इतकेंच नव्हे, तर एंजिनामागें सांगाडाच नव्हता. मागचीं चाकें एंजिनावर व गिअरच्या पेटीवर तोललेलीं होतीं. एंजिन सोडविलें कीं गाडीचे दोन तुकडे होत. वजन वांचलें आणि ताठपणा आला. ह्या एंजिनाच्या रचनेंतही तो न फिटणारा हिशेब होताच. तो आडव्या हादऱ्याच्या रूपानें बाहेर पडे आणि अवतीभोंवतींच्या नळ्या व तारा खिळखिळ्या करी. परंतु शर्यत दोन तासांची असते, चालक तरुण असतो, आणि शर्यत संपतांच गाडी उघडून तिचा प्रत्येक बोल्ट तपासणारे कारागीर हजर असतात. १९८३ पर्यंत ह्या एंजिनानें १५५ जागतिक शर्यती जिंकल्या. हौशी माणसाच्या डोळ्यांपुढें हेंच चित्र असतें, आणि 'शर्यतींत चालतें तें माझ्या गाडींत कां नको?' असें त्यास वाटतें. शर्यतीच्या गाडींत मागच्या बाकावर कोणी वृद्ध आई बसलेली नसते, हें तो विसरतो.

सामान्य गाडीचा प्रश्न ह्याच काळांत आणखी एका कारणानें बिकट झाला. १९५९ सालीं अॅलेक इसिगोनिस ह्यांनीं इंग्लंडमध्यें मिनी ही चिमुकली गाडी आंखली आणि एंजिन आडवें बसविलें. गिअरची पेटी त्याच्या पोटांत, आणि जोर पुढच्याच चाकांना. ह्या मांडणीनें जागा फार वांचली, आणि आज बहुतेक लहान गाड्या आडव्या एंजिनाच्याच आहेत. परंतु तींत बैठकीवर येणारा पीळ कितीतरी वाढतो. जुन्या मांडणींत शेवटची गति-घट मागच्या आंसावर होत असे. येथें ती एंजिनाबरोबर एकाच पिंडांत होते. समजा, एंजिनाचा पीळ १०० न्यूटन-मीटर आहे, पहिला गिअर तो साडेतीनपट करतो आणि शेवटची दंतचक्रें चौपट करतात. म्हणजे चाकांना १,४०० न्यूटन-मीटर मिळतात, आणि तितकाच उलट पीळ एंजिनाच्या बैठकीस सोसावा लागतो. पाय दाबला कीं एंजिन मागें झुकतें, सोडला कीं पुढें.

मिनींत हें झुकणें रोखण्यासाठीं एंजिनाच्या माथ्यापासून मागच्या भिंतीपर्यंत एक लहानसा दांडा दिलेला असे व त्याच्या दोन्ही टोकांस रबराच्या चकत्या असत. येथेंही क्रायस्लरचीच वाटणी दिसते. खालच्या बैठका भार वाहतात आणि वरचा दांडा पीळ रोखतो. ह्या चकत्या झिजल्या म्हणजे गाडी सुटतांना धडपडे, आणि एंजिनाच्या डोलण्यानें धूर बाहेर नेणारी नळी जोडापाशीं तुटे. मिनी कूपर गाड्या मोंते कार्लोच्या शर्यतींत १९६४, १९६५ व १९६७ सालीं पहिल्या आल्या, आणि मिनीची ताकद वाढविण्याचा छंद जगभर पसरला. अनुभवी कारागीर त्या छंदिष्टांना प्रथम काय सांगत? सर्व रबरें फेंकून देऊं नका. आधीं त्या दांड्याच्या चकत्या कडक घाला, आणि फार तर खालच्या अंगास आणखी एक दांडा द्या.

बैठक हा केवळ सुखाचा प्रश्न आहे असें मात्र कोणी समजूं नये. १९७१ च्या डिसेंबरांत जनरल मोटर्स कंपनीस अमेरिकेंतील सुमारें ६७ लाख शेव्हरोले गाड्या दुरुस्तीसाठीं परत बोलवाव्या लागल्या. तोंपर्यंत इतक्या मोठ्या संख्येनें गाड्या कधींही परत बोलविलेल्या नव्हत्या. दोष होता तो एंजिनाच्या बैठकींत. धातूस चिकटविलेलें रबर कालांतरानें सुटे. मग चालकानें जोर दिला कीं पिळामुळें एंजिनाची एक बाजू उचलली जाई. उचललेलें एंजिन वेग देण्याचा सांधा ओढून धरी, म्हणजे पाय काढला तरी गाडीचा वेग वाढतच राही. आणि त्याच ओढींत ब्रेकला साहाय्य करणारी हवेची नळी निसटण्याचा संभव असे. दुरुस्ती अगदीं साधी होती. एंजिन ठराविक मर्यादेपलीकडे उचललें जाऊं नये म्हणून पोलादी तारेचा एक दोर बांधण्यांत आला. रबर तुटलें तरी एंजिन जाग्यावर राहिलें पाहिजे, हा धडा मोटारधंद्यास इतका महाग पडून मिळाला. पुढील काळांतील बैठका अशा घडविल्या जाऊं लागल्या कीं, रबर फाटलें तरी धातूचे दोन भाग एकमेकांत अडकून राहावेत.

आतां ह्या सर्व इतिहासाचा हिशेब आंकड्यांत मांडून पाहतां येतो. बैठकीवर बसलेल्या एंजिनास झोपाळ्याप्रमाणें डोलण्याचा स्वतःचा एक ठेका असतो. हादऱ्यांचा ठेका ह्या ठेक्याच्या सुमारें १.४ पटीहून अधिक असेल तरच बैठक हादरा अडविते. त्याहून कमी असेल तर ती उलट तो वाढविते. समजा, मूळ रबरावर एंजिनाचा ठेका सेकंदास १० आहे, आणि उभ्या गाडींत हादरे सेकंदास २५. गणितानें हादऱ्याचा सुमारें पांचवा हिस्सा सांगाड्यांत जातो. आतां हौशी मालकानें चौपट कडक बैठका घातल्या. ठेका दुप्पट, म्हणजे २० झाला. हादरे तेच २५. परंतु सांगाड्यांत जाणारा भाग आतां जवळजवळ पावणेदोनपट होतो. पूर्वीं पांचवा हिस्सा, आतां पावणेदोनपट. म्हणजे उतारूस बसणारा कंप सुमारें नऊपट वाढला. उभ्या गाडीचे फेरे ७५० वरून ९०० केले तर हादरे ३० होतात आणि तो भाग आठ-दशांशांवर उतरतो. थोडा दिलासा मिळतो, पण मूळचें सुख परत येत नाहीं. गाडी रस्त्यावर वेगांत असतांना हादरे सेकंदास शंभरावर जातात. तेथें हाच हिशेब पुष्कळ सौम्य होतो. कडक बैठकीची गाडी उभी असतांना छळते आणि धांवतांना सुसह्य होते, ह्या सर्वांच्या अनुभवाचें कारण हें होय.

आज बाजारांत अशा मालकापुढें तीन वाटा असतात. एक, मूळचें किंवा थोडें अधिक कडक रबर. दुसरी, पॉलियुरेथेन, १९३७ सालीं जर्मनींत ऑटो बायर ह्यांनीं शोधलेल्या ह्या द्रव्याच्या बैठका सामान्यतः रबराहून कडक असतात आणि तेलानें लवकर सडत नाहींत. तिसरी, अॅल्युमिनियमचा अथवा पोलादाचा भरीव ठोकळा. त्यांत डोलणें नाहीं आणि दयाही नाहीं. तिसरी वाट शर्यतीच्या मैदानापुरती ठीक. ज्या गाडीनें ऑफिसास, बाजारास आणि सणावारीं गांवीं जावयाचें आहे तिच्यासाठीं इतिहासाचा सल्ला स्पष्ट आहे. भार वाहणाऱ्या बैठका मूळच्या जातीच्या, पण नव्या व निर्दोष ठेवाव्या. पीळ रोखणारा दांडा किंवा बैठक तेवढी कडक करावी. आणि तेवढ्यानें न भागलें तरच पुढें जावें. एंजिनाखालीं मऊ रबर आणि गिअरच्या पेटीखालीं भरीव धातु असा संकर कधींही करूं नये. एंजिन डोलूं पाहतें, पेटी हलूं देत नाहीं, आणि शेवटीं पेटीचाच कान तुटतो. एंजिनच बदलावयाचें असेल तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाकडेही पाहावें लागतें. कारण रस्ता एकट्या मालकाचा नसतो.

रबर मऊ हवें आणि कडकही हवें, ह्या हट्टापायीं कारखानदारांनींही कमी खटाटोप केला नाहीं. १९८० च्या दशकांत रबराच्या पोटांत द्रव भरलेल्या बैठकांचा प्रसार झाला. त्यांत दोन कप्पे व त्यांना जोडणारी एक अरुंद वाट असते. लहान, जलद कंपाच्या वेळीं बैठक मऊ राहते. मोठ्या, सावकाश हेलकाव्याच्या वेळीं द्रव त्या अरुंद वाटेंतून ढकलला जातो आणि हेलकावा जिरतो. त्याच्याही पलीकडची पायरी २००९ मध्यें पोर्शे कंपनीच्या ९११ जीटी३ ह्या गाडींत दिसली. तिच्या बैठकींतील द्रवांत लोहकण मिसळलेले असून विजेचा प्रवाह सोडून चुंबकत्व निर्माण करतांच तो द्रव घट्ट होतो. शांतपणें चालतांना बैठक मऊ, वळणावर झेंप घेतांना कडक. अशा द्रवाचा मूळ शोध अमेरिकेंत जेकब राबिनो ह्यांनीं १९४० च्या दशकाच्या अखेरीस लावला होता; एंजिनाखालीं येण्यास त्यास साठ वर्षें लागलीं. ह्यांत एक कबुलीही आहे. इतकी धनवान व निष्णात कंपनीसुद्धां एकाच कडकपणांत दोन्ही गुण साधूं शकली नाहीं. क्रायस्लरनें दोन कामें दोन वस्तूंत वाटलीं. पोर्शेनें तीं दोन वेळांत वाटलीं.

ज्याच्यापाशीं ना कारखाना आहे ना चुंबकाचें द्रव्य, त्या मालकासही हीच वाटणी करतां येते, आणि ती थोडक्या पैशांत करतां येते. त्यासाठीं आधीं मात्र त्यानें एका प्रश्नाचें प्रामाणिक उत्तर दिलें पाहिजे: ही गाडी कोणासाठीं आहे? वेगाची हौस वाईट नव्हे. मोटारीची बहुतेक प्रगति तिच्याच पोटीं जन्मली. पण शर्यतींत हादरे सोसणारा आणि बक्षीस घेणारा एकच असतो. घरच्या गाडींत चक्र एकाच्या हातीं असतें, आणि हादरे मात्र सर्वांच्या वांट्यास येतात.